जनायचा पालथा टोप

‘जेवलीस का?’ असं जनायने कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ती विचारायची, ‘काय जेवलीस?’ आणि विचारून थांबायची नाही. समोरच्या बाईचा उजवा हात मनगटाशी धरून ती नाकाजवळ न्यायची आणि डोळे मिटून वास घ्यायची. हाताला भाताचा, कालवणाचा वास असला की हात सोडून पुढे चालू लागायची. नसला तर त्या बाईची सुटका नव्हती. पुरुषांना तिने हे कधी विचारलं नाही आणि आम्हा पोरांनाही नाही. विचारायची ती फक्त पदरी लहान मुलं असलेल्या बायांना.

आमच्या पेणकरपाड्यात तेव्हा मोजकीच घरं होती. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे खाडी. पाऊस संपला की पाड्यातल्या बाया मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायला जायच्या आणि पावसात त्याच बाया लावणीला वाकायच्या. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर अगदी तोंडाशीच जनायचं घर होतं. तिचं पूर्ण नाव जनाबाई, पण सगळा पाडा तिला जनाय म्हणायचा. उंच, हाडापेराने मोठी, आवाज पुरुषासारखा. घरात एकटीच राहायची. तिचा मुलगा राघो बायको गेल्यावर दुसरं लग्न करून, पोरांना घेऊन डोंगरीला सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला होता.

संध्याकाळी तिन्हीसांजेला जेवण उरकलं की जनाय भाताचा टोप राखेने लख्ख घासायची आणि दाराबाहेर उंबऱ्याशी पालथा घालून ठेवायची. ज्यांनी आमच्याकडचं घर पाहिलेलं नाही त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्यात रात्री भाताचा टोप रिकामा करत नाहीत. तळाला चार घास ठेवून त्यावर झाकण घालतात, म्हणजे घरात बरकत राहते. टोप पालथा पडतो तो घरातलं कुणी वारलं तर. जनायच्या उंबऱ्याशी रोजच कुणी गेल्यासारखा टोप पालथा पडलेला असायचा आणि आम्ही पोरं त्या घरावरून पळतच पुढे जायचो.

पळण्याला आणखी एक कारण होतं. टोप बाहेर ठेवून जनाय आत जायची आणि रिकाम्या चुलीकडे तोंड करून विचारायची, ‘काय जेवलीस गो?’ मग बराच वेळ गप्प राहायची, जसं कुणी उत्तर देत असावं आणि ती ऐकत असावी. शेवटी म्हणायची, ‘खोटं बोलतेस.’ रागाने नाही म्हणायची, अगदी मऊ आवाजात म्हणायची, आणि त्या मऊपणाचीच मला जास्त भीती वाटायची.

माझे वडील तापाने गेले तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू झालेली होती. आम्ही तीन भावंडं, त्यात मी थोरली आणि धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता. आईने दिवसकार्य झाल्यावर पाटी उचलली आणि मिठागर धरलं. पहाटे उठून भाकऱ्या भाजायच्या, आमचं करायचं, धाकट्याला माझ्या कडेवर द्यायचं, दिवसभर डोक्यावरून मीठ वाहायचं आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसायचं. तांदूळ रेशनवर मिळू लागला होता आणि तोही पुरेसा नसायचा. आई आमच्या ताटांत वाढायची आणि आम्ही जेवताना पाठ करून काहीतरी आवरत बसायची. ती कधी जेवते हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. आई जेवतच असणार. टोपात रोज सकाळी भात शिल्लक असायचा ना.

एकदा मिठागराच्या बांधावर तिला चक्कर आली. पाटी उलटली आणि ती मिठातच बसून राहिली. बायांनी तिला धरून घरी आणलं. बातमी जनायला न कळणं शक्यच नव्हतं. ती आली, वाकून दारातून आत शिरली, आईकडे न बघता थेट चुलीपाशी गेली आणि टोपावरचं झाकण काढलं. आत आदल्या रात्रीचा ठेवलेला भात होता. तो भात बघून जनायचा चेहरा जो झाला, तो मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. तिने टोप उचलून आईपुढे ठेवला.

‘येमने, हा कुनाचा भात?’ तिने आईला विचारलं.

‘कुनाचा म्हंजे? ठेवतात तसा ठेवला,’ आई म्हणाली.

‘तू जेवून उरला, का उरवाचा म्हनून तू जेवली न्हाय?’

जनाय भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने गोदीची गोष्ट सांगितली. गोदी म्हणजे तिची सून, राघोची पहिली बायको. आमच्यासमोर तिचं नाव निघालं ते तेव्हाच. गोदी मिठागरावर जायची, तिची दोन पोरं लहान होती, घरात खाणारी तोंडं जास्त आणि तांदूळ कमी. सून सगळ्यांच्या मागून जेवते तशी तीही जेवायची. ओटीवरून सासू विचारायची, जेवलीस काय, आणि आतून उत्तर यायचं, जेवले. सकाळी जनाय झाकण उघडून बघायची तर टोपात भात असायचा. सून पोटभर जेवून वर उरवते, हात सढळ आहे, घराला बरकत आहे, असं जनाय शेजारणींना कौतुकाने सांगायची. खरं असं होतं की शेवटी टोपात उरायचा तो तेवढाच भात. तो खाल्ला तर टोप रिकामा होणार, म्हणून गोदी त्यावर झाकण घालून, पाणी पिऊन निजायची. तिसऱ्या खेपेला दिवस गेले होते. मिठागरावरच पडली ती उठली नाही.

‘मीच शिकवलेलं तिला,’ जनाय म्हणाली. ‘नवी नवरी आली तवा मीच सांगितलं, गोदे, टोप रिता ठेवू नको. तिने न्हाय ठेवला.’

मग तिने दहाव्याचं सांगितलं. खाडीच्या काठावर पिंड ठेवला. ज्याचं मन कशात अडकलेलं असतं त्याच्या पिंडाला कावळा लवकर शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन लेकरं मागे टाकून गेलेली बाई, कावळा दुपारपर्यंत थांबवणार, असं धरून लोक बसले होते. पण राघोने हात मागे घेतला नाही तोच कावळ्याने झडप घातली. पिंड फोडून, शितं उधळून खाल्ला. लोक म्हणाले, सुखाने गेली, काही मागे राहिलं नाही तिचं. सगळ्यांनी जनायला हात जोडले की अशी सून भाग्याने मिळते.

‘मना येकलीलाच कललं,’ जनाय म्हणाली. ‘तिला भूक लागलेली.’

आई त्या टोपातला भात तसाच हाताने खाऊ लागली आणि खाता खाता रडू लागली. मी तिला रडताना पाहिलं ते वडील गेले तेव्हा आणि त्या दिवशी. जनायने टोप घासला आणि आमच्याही उंबऱ्याशी पालथा घातला. पाड्यात कुजबुज झाली. विधवेचं घर, त्यात टोप पालथा, आता त्या पोरांचं काही खरं नाही, असं म्हणणारे होतेच.

दुसऱ्या दिवसापासून जनायचं राज्य सुरू झालं. आई आधी जेवणार, बसून जेवणार आणि पोरांसमोर जेवणार. मिठागरावर निघण्याआधी नाचणीची पेज घेतल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही. ‘माथ्यावरचं वजन पोट पेलतं, मान न्हाय,’ असं ती म्हणायची. उभ्याने खाल्लेलं पायांत जातं, असंही एक तिचं शास्त्र होतं. त्यात काही अर्थ असेल तर मला अजून लागलेला नाही, पण त्यामुळे आई खाली बसायची आणि बसली की तेवढीच टेकायची. तांदूळ नाही हे रडगाणं जनाय ऐकून घेत नसे. ओहोटीला ती आम्हा पोरांना खाडीकाठच्या खाजणात चिंबोऱ्या धरायला न्यायची, शेवग्याचा पाला ओरबाडायला लावायची, उत्तनहून येणाऱ्या कोळणीकडून भाजीच्या बदल्यात सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, घ्यायची. वाल आणि शेवग्याचा पाला एकत्र शिजवून त्यात मूठभर सुकट टाकली की कालवण होतं आणि ते थोड्या भातावरही पोट भरतं, हे आईला तिनेच शिकवलं.

खरं सांगते, मला ती तेव्हा अजिबात आवडत नव्हती. पोटात कावळे ओरडताहेत आणि आपण बसून आईला जेवताना बघायचं, हा काय न्याय? एकदा मी हे तिच्या तोंडावर म्हटलं. ती मुळीच रागावली नाही. माझी हनुवटी धरून म्हणाली, ‘आये उभी तर तुमी उभी.’ आणि पुन्हा आईच्या ताटाकडे बघत बसली.

आईलाही ते सोपं नव्हतंच. लेकरांच्या आधी घास घेताना तो घशाखाली उतरत नाही, हे मला माझी मुलं झाल्यावर कळलं. म्हणून मग आई फसवू लागली. एका संध्याकाळी जनायला यायला उशीर झाला. आईने सगळं आम्हाला वाढलं होतं. दारात जनायची चाहूल लागली तशी तिने डब्यातली सुकट मुठीत घेऊन बोटांवर चोळली. जनायने हात हुंगला. मला वाटलं, फसली. पण तिने हात सोडला नाही.

‘ही कच्ची सुकट,’ ती म्हणाली. ‘जेवल्या हाताला भाताचा वास येतो, येमने.’ मग ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘तीबी मना रोज सांगायची, जेवले. मी रोज आयकलं. आता मी आयकत न्हाय, हुंगते.’

आईने त्यानंतर पुन्हा फसवलं नाही. तो हंगाम संपेपर्यंत तिच्या गालांवर मांस आलं, धाकट्याला दूध पुरू लागलं आणि पाटी घेऊन बांधावरून येताना ती शेजारणीशी मोठमोठ्याने बोलत येऊ लागली. बोलत येते म्हणजे दम उरतो, असं जनाय मला दारात उभी राहून सांगायची. तिला किती बरं वाटायचं ते तिच्या तोंडावर दिसायचं. पण तिन्हीसांजेला तिच्या घरातून तोच प्रश्न यायचा आणि तेच मऊ ‘खोटं बोलतेस’ यायचं. पाड्यातल्या सगळ्या बाया जेवल्या तरी एक राहिलीच होती.

लढाई संपल्यावरच्या एका पावसाळ्यात जनाय आजारी पडली. आई रोज तिच्याकडे पेज घेऊन जायची. शेवटी शेवटी एकदा मी बरोबर होते. आईने सकाळची पेज तिच्या उशाशी ठेवली होती आणि वाटी रिकामी दिसत होती.

‘काय जेवलीस, जनाय?’ आईने विचारलं.

‘पेज घेतली ना,’ जनाय म्हणाली.

आईने तिचा हात उचलून नाकाशी नेला. त्या हाताला कसलाच वास नव्हता. चुलीपाशी, जिथे गोदी जेवायला बसायची म्हणे, तिथे पेज ओतलेली होती. जनायने ती तिकडे नेली कशी, हे आम्हाला कळलं नाही, कारण तिला उठून बसवतही नव्हतं. दोन-तीन दिवसांत ती गेली.

दहाव्याला राघो डोंगरीहून आला. पाऊस उघडला होता. खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि तिवरांच्या झाडांवर कावळे येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. राघो म्हणाला, घर पडू देणार नाही. कावळे ढिम्म. राघो म्हणाला, पोरांना अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, तुझे भाजीचे वाफे सांभाळू. दुपार कलली, भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण कावळा शिवेपर्यंत कुणी काही खायचं नसतं. बाया बांधावर लांब उभ्या होत्या. राघो शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, आये, तुला पायजे तरी काय?

तेव्हा आई बायांतून पुढे आली. ती सकाळपासून लावणीच्या चिखलात होती आणि तिथूनच आली होती. पिंडासमोर ती खाली बसली, मांडी घालून, नीट. पदराची गाठ सोडून तिने तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट काढली आणि जेवायला लागली. म्हातारे ओरडले. राघो तर तिच्या अंगावर धावून आला. आईने कुणाकडे पाहिलं नाही. एकेक घास चावून, घाई न करता, पूर्ण भाकरी संपवली. मग तिने हात न धुता तिवरांच्या दिशेने पुढे केला, जसा जनायपुढे करायची तसा.

कावळा उतरला. पिंडाशी आला, थोडा थांबला आणि मग त्याने शितं उचलली.

सुकटीच्या वासाने आला असेल, असं परतताना कुणीतरी म्हणालं. असेलही. त्या संध्याकाळी ती जनायच्या बंद घरी गेली, तिचा टोप घेऊन आली आणि त्यातच आमचा भात शिजवला. जेवण झाल्यावर टोप घासून उंबऱ्याशी पालथा घालताना ती क्षणभर थांबली आणि आत चुलीकडे बघून म्हणाली, ‘जनाय, वाल जेवले, शेवगा जेवले, भात दोनदा घेतला.’

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. तो टोप आता माझ्याकडे आहे. माझ्या पोरांचं, सासरचं, सगळ्यांचं उरकून दमून भिंतीला टेकले, आणि आज नको जेवायला, नुसतं पाणी पिऊन पडावं असं मनात आलं, की स्वयंपाकघरात कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं मला वाटतं. मी मग पानावर बसते. एकटीच असले तरी जेवून झाल्यावर काय जेवले ते मोठ्याने सांगते, कारण न सांगितलं तर तो मऊ आवाज येईल, याची भीती मला या वयातही वाटते.