हरला त्यानं झाडू मारायचा

कोराडीच्या आमच्या कॉलनीत किस्से राखेसारखे साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! मी टेनिस खेळते, पोटापाण्यासाठी दुसरं काही करत नाही, आणि वर्षातले निम्मे दिवस कुठल्यातरी परक्या गावच्या लॉजमध्ये पंख्याखाली मोजे वाळवत बसलेली असते. तिथं बाकीच्या मुली एकमेकींचं रँकिंग काढत बसतात. मला मात्र म्हणतात, प्रज्ञा, तुझ्या त्या म्हाताऱ्यांचं काहीतरी सांग ना.

आता दिल्लीत तान्याकडून हरून आल्यापासून जो भेटतो तो त्या एकाच पॉइंटचं विचारतो. तू थांबलीस कशाला? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हाताऱ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

*

क्लबच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट आहे. नेट चार ठिकाणी सुतळीनं शिवलेलं, आणि कडुनिंबाच्या वर विजेच्या प्लांटच्या चिमण्या. वारा आमच्या बाजूला फिरला की कोर्टावर राखेचा बारीक थर बसतो. जास्त झाला की पाय सटकतो, म्हणून प्रत्येक मॅचनंतर झाडणं आलंच. झाडलं तरी पुसट थर राहतोच, तो भाग वेगळा.

झाडायचं कोणी, यावरून पूर्वी रोज भांडणं. ती डोंगरे काकांनी मिटवली. डोंगरे काका टर्बाइनवरून रिटायर झालेले. आयुष्यभर मशीनच्या वर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे ते कानात काही सांगायला लागले की अख्खी कॉलनी ऐकते. त्यांनी नियम केला: हरला त्यानं झाडू मारायचा. नेटपासून सुरू करायचं, मागच्या जाळीपर्यंत जायचं, आणि त्यानं झाडल्याशिवाय पुढची मॅच सुरू होणार नाही.

एकदा एक मोठे साहेब बदलून आले. पहिल्याच दिवशी पांढरेशुभ्र कपडे, परदेशी रॅकेट. स्टोअरमधल्या वासनिक काकांकडून हरले. वासनिक काकांचं पोट त्यांच्या आधी नेटजवळ पोचतं आणि सर्व्हिस ते खालून करतात, तरी हरले. काकांनी अदबीनं झाडू पुढे केला. साहेबांचा ड्रायव्हर गेटपासून धावत आला, झाडू घ्यायला हात पुढे. डोंगरे काकांनी त्याला अडवलं आणि साहेबांना विचारलं, "साहेब, ड्रायव्हर हरला काय?"

साहेबांनी झाडलं. पुढे बदली होईपर्यंत झाडतच राहिले, कारण त्यांचा बॅकहँड काही सुधारला नाही.

*

ही माणसं खेळ चुकवत नाहीत, हे मुद्दाम सांगून ठेवते. ताप असो, नाइट शिफ्ट करून आलेले असोत, सकाळी कोर्टावर हजर. नागपूरच्या मे महिन्यातही टोपीखाली ओला दुपट्टा घालून खेळतात.

ठाकरे काकांच्या मुलीचं लग्न होतं. मांडव क्लबच्याच मैदानात. सकाळी हळद लागली आणि वधूपिता गायब! काकू शोधत शोधत कोर्टावर आल्या, तर काका सर्व्हिस करून राहिले होते. हातापायाला हळद, बॉल पिवळा, रॅकेटची मूठ पिवळी. काकू म्हणाल्या, तिकडे व्याही येऊन बसले आणि तुम्हाला लाज कशी नाही वाटत. काका म्हणाले, येतो, हरलो तर झाडायला थोडा वेळ लागेल, तेवढं व्याह्यांना चहात गुंतव.

हरलेच. मुलीच्या विदाईला जेवढे रडले नसतील तेवढे त्या पाचव्या डबल फॉल्टला हळहळले, असं काकू अजून सांगतात.

*

मला बाबांनी त्या कोर्टावर नेलं. बाबा प्लांटमध्ये शिफ्टला, आणि पोरगी मैदानात बॉलमागे पळते तर रॅकेट घेऊनच पळू दे, एवढाच त्यांचा विचार. म्हाताऱ्यांनी मला लहान म्हणून कधी एक गेमसुद्धा सोडला नाही. मी रोज हरायचे आणि रोज झाडायचे. घरी यायचे ती केसांपासून करडी होऊन.

आईला हे कळलं आणि ती तडक कोर्टावर आली. आईचा राग समजून घ्यायला पाहिजे. माझ्या आजोबांच्या हातात गावात झाडू होता. गावकीचा. छप्पन साली ते नागपूरला दीक्षा घ्यायला आले, आणि परत गेल्यावर त्यांनी तो झाडू पुन्हा धरला नाही. त्यापायी गावानं काय काय ऐकवलं ते आई लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेली. आमच्या घरी ही गोष्ट चौदा ऑक्टोबरला तर निघतेच, पण एरवीही निघते. आणि आता त्यांची नात साऱ्या कॉलनीसमोर झाडत होती.

"माह्या सासऱ्यानं टाकला तो झाडू तुम्ही पोट्टीच्या हातात देऊन राहिले?" आई म्हणाली. वासनिक काका तर आमच्याच समाजाचे, ते बुटाची लेस बांधायला खाली वाकले ते वर येईचनात.

डोंगरे काका आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "वहिनी, इथं झाडू जन्मानं नाही भेटत. हरल्यानं भेटते."

आईचा विश्वास बसला नाही. ती बाकावर बसून राहिली. पुढची मॅच झाली, साहेब हरले, साहेबांनी झाडू उचलला. आईनं नेटपासून जाळीपर्यंत सगळं पाहिलं आणि उठली. मला खेळू दिलं तिनं. पण जाताना बजावून गेली, की माझ्या घरचा झाडू या कोर्टावर कधी येणार नाही. घरचे झाडू ती स्वतः बांधते, हाताला काड्या टोचू नयेत म्हणून मुठीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळते. त्यातला एकही तिनं दिला नाही. मी क्लबच्या मोडक्या झाडूनं झाडत मोठी झाले.

पहिल्यांदा डोंगरे काकांना हरवलं तेव्हा मी शाळेत होते. काकांनी कोर्ट झाडलं, मग बाकाखालची जागा झाडली, मग गेटची पायरीसुद्धा. मी विचारलं, काका, पायरी कशाला? म्हणाले, आज राख जास्त पडली बेटा.

*

आता राखेवरच्या खुणेचं. आमच्याकडे बॉल आत पडला की बाहेर यावर वाद नाही. राखेत बॉलचा गोल उमटतो. शंका आली की हात वर करायचा, खेळ थांबवायचा, चालत जायचं आणि मार्क पाहायचा. रेषेला टेकला असेल तर आत. बस.

एकदा वासनिक काका आणि ठाकरे काकांचं एका मार्कवर जुंपलं. अर्धा गोल रेषेवर आहे की नाही? डोंगरे काका त्या दिवशी पेन्शनच्या कामाला नागपूरला गेलेले, आणि निकाल त्यांच्याशिवाय कोण देणार. इकडे दोघांच्याही ड्यूटीची वेळ झाली. मग वासनिक काकांनी मार्कवर टिफिनचं झाकण पालथं घातलं आणि दोघं कामाला गेले. शिफ्ट संपवून आले. डोंगरे काकांनी झाकण उचललं, वाकून पाहिलं, म्हणाले, आउट. ठाकरे काकांनी तिथून पुढचा पॉइंट खेळला.

वासनिक काका त्या दिवशी उपाशी होते. झाकणाशिवायच डबा सायकलवर नेला, भाजी सगळी पिशवीत सांडली.

हीच सवय माझ्या अंगात भिनली. पुढे पुण्याला अकॅडमीत गेले तर तिथं निळं गुळगुळीत कोर्ट. बॉल लांब पडला वाटला की माझा हात वर, आणि मी मार्क शोधत निघाले! कोच कपाळाला हात लावायचा. अगं, इथं तुला काय दिसणार आहे? ती सवय मोडायला फार दिवस गेले. पण मोडली. मला वाटलं, मोडली.

*

तान्या चंदीगडची. ज्युनिअरपासून ती पहिली आणि मी तिच्या मागे कुठंतरी. आमची पहिली मॅच नागपुरातच झाली. तिच्यासोबत कोच, आई आणि बर्फाचा डबा. माझ्यासोबत बाबा, आणि ज्यांना ड्यूटी नव्हती ते सगळे म्हातारे. तिनं मला धुऊन काढलं.

हस्तांदोलन झालं. मी रॅकेट ठेवली, कोपऱ्यात माळीबुवांचा झाडू दिसला तो घेतला, आणि नेटपासून झाडायला लागले. दुसरं काही सुचलंच नाही मला. हरले तर झाडायचं असतं ना! तान्याची आई खुर्चीवरून म्हणाली, बेटा, जरा इधर भी लगा दो. मी तिकडेही झाडलं.

तान्या पाणी पिता पिता जवळ आली. "तुम क्यों कर रही हो ये?"

"हार गई ना," मी म्हणाले.

तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हसली नाही. तेव्हापासून मला ती आवडते, आणि तेव्हापासून मला तिला हरवायचं होतं. एकदा तरी.

*

ते एकदा या हिवाळ्यात आलं होतं. दिल्लीत. देशाच्या टीममध्ये एक जागा उरलेली, आणि आम्हा दोघींतली जी जिंकेल तिची ती. माझं वय आता असं आहे की अशी जागा पुन्हा समोर येणार नाही. हे मला माहीत होतं, तान्याला माहीत होतं, आणि कोराडीत वासनिक काकांच्या टीव्हीला मोबाइल जोडून बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. आईसुद्धा त्या दिवशी त्यांच्या घरी गेली होती.

तिसरा सेट. मॅचपॉइंट माझा!

तान्याचा बॉल लांब आला. बेसलाइनवर पडला, उंच उसळला, आणि माझ्या फोरहँडसमोर आयता आला. समोरचं सगळं कोर्ट रिकामं. शाळेतल्या पोरीनंही मारला असता. आणि माझा हात वर गेला. मी बॉल जाऊ दिला, वळले, आणि मार्क पाहायला चालत गेले.

तिथं रेषेवरचे निकाल मशीन देतं. बाहेर पडला तरच ते ओरडतं, आत असला तर गप्प राहतं. मशीन गप्प होतं. मी निळ्या कोर्टावर वाकून राखेतला गोल शोधत होते. पंचांनी माइकवर ड्यूस म्हटलं तेव्हा भानावर आले. नंतर स्क्रीनवर दाखवलं, बॉल रेषेला केसभर टेकला होता. म्हणजे राख असती तरी तो पॉइंट मी हरलेच असते. जिंकायला फक्त तो बॉल मारायचा होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. सगळे पॉइंट तिचे.

नेटजवळ तान्यानं माझा खांदा धरला. "तू वहाँ क्या देख रही थी?"

"राख," मी म्हणाले.

पत्रकारांना सांगितलं, प्रेशर आलं. त्यांना आणखी काय सांगणार होते? लॉजवर येऊन इतकी रडले की शेजारच्या खोलीतल्या बाईंनी पाणी आणून दिलं. मला खूप वाईट वाटतं, आजही वाटतं. झोपेत तो बॉल मी मारते, रोज मारते, आणि जागी होते.

*

मी लगेच घरी आले नाही. तोंड दाखवावंसं वाटेना. पुण्याला मैत्रिणीकडे पडून राहिले. बाबांचा रोज फोन. जेवलीस का, झोपलीस का. मी विचारायचे, म्हातारे काय म्हणतात, खेळून राहिले ना? बाबा म्हणायचे, हो, आहेत आपले, आणि विषय बदलायचे.

शेवटी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टावर गेले. गेट लोटलेलं. बाकावर सगळे बसलेले, बूट घातलेले, रॅकेट मांडीवर. आणि समोर कोर्ट नेटपासून जाळीपर्यंत करडं, रेषासुद्धा दिसत नव्हत्या. एका कुत्र्याच्या पावलांखेरीज त्यावर कोणाचं पाऊल नव्हतं.

"कवापासून खेळले नाही तुम्ही?" मी विचारलं. माझ्या तोंडी कोराडीत पाय ठेवला की कोराडीचीच भाषा येते.

ठाकरे काका म्हणाले, तुझी मॅच झाली तेव्हापासून. मुलीच्या हळदीलाही खेळ न चुकवलेला माणूस!

"काहून पण?"

"हरलेल्यानं झाडल्याशिवाय पुढची मॅच होत नाही," डोंगरे काका म्हणाले. "तुले माहीत आहे."

"काका, थे मॅच दिल्लीत झाली."

"खेळाले तू दिल्लीत होती," काका म्हणाले. "पण मार्क पाहाले तर इथंच आली होती ना वं."

वासनिक काका बाकामागे वाकले आणि झाडू काढून माझ्यापुढे धरला. क्लबचा मोडका झाडू नव्हता तो. कोरा होता, आणि मुठीला आईच्या जुन्या हिरव्या साडीची पट्टी गुंडाळलेली होती.