हात न टेकता

आमचे हे विद्यापीठात म्हातारपणी स्नायू का झिजतात यावर संशोधन करतात. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्यांचं लक्ष जिलबीपेक्षा उठणाऱ्यांकडे असतं; जमिनीवरून हात न टेकता उठला त्याला पूर्ण गुण, टेकला की गुण कापले. परवा दामूकाका गुडघ्यावर हात टेकून, देवाचं नाव घेत उठले. "मांड्या गेल्या," हे माझ्या कानात म्हणाले.

मग पंगत उठली तरी हे आपले मठ्ठा मागत बसलेले. वाढपी पत्रावळी उचलायला आले, तेव्हा यांचा डावा हात हळूच माझ्यापुढे आला. मी ओढून उभं केलं. माणूस उठतो तो बहुधा असाच, कुणावर तरी भार टाकून.

"याला तुमच्या शास्त्रात किती गुण?" मी विचारलं.

"कुणाला सांगू नकोस," म्हणाले, आणि उष्टा हात धुवायला गेले तेही माझा हात धरूनच.