गाळलेला रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही, जिला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. सांगायला बसले की जीभ दुसरीकडेच वळते. आजही वळेल. तुम्ही जरा सांभाळून घ्या... नाही, सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

माझं काम मोजण्याचं. वाळूजला एका कारखान्यात मी इंजिनिअर आहे, तिथं दुचाकीचे गिअर बनतात. कुठल्या विभागात एक माणूस तासाला किती नग काढतो, हे घड्याळ लावून मोजायचं आणि दुसऱ्या कारखान्याशी ताडून बघायचं. बेंचमार्किंग म्हणतात त्याला. कोरडं वाटतं ना ऐकायला? ज्याला मोजतात त्याला विचारा.

नवी होते तेव्हा मी घड्याळ घेऊन उभी राहिले की माणसं हसायची. काही जण मुद्दाम हात सावकाश चालवायचे. फिनिशिंग विभागाचे साहेबराव तेवढे हसले नाहीत. मूळचे पिशोरचे, पन्नाशी गाठलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गिअर कापल्यावर त्याच्या कडेला धातूची बारीक, धारदार कुसळं राहतात. बर म्हणतात त्यांना. ती हातानं घासून काढायची, हे त्यांच्या विभागाचं काम. त्यांनी मला एक स्टूल आणून दिलं आणि म्हणाले, "मॅडम, घड्याळ ओढणीआड धरू नका. समोर धरा. लपवून मोजलं की माणूस चिडतंय." नख फिरवून बर कशी ओळखायची, हेही त्यांनीच शिकवलं. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बघा, मी त्यांचं कौतुक सांगत बसले. तेच सोपं आहे.

काही वर्षांपूर्वी वरून हुकूम आला. कंपनीचा आमच्यासारखाच दुसरा एक कारखाना आहे, दक्षिणेत. दोन्हीकडचे सगळे विभाग समोरासमोर ठेवायचे. जो विभाग फार मागे असेल, त्याचं काम बाहेर ठेकेदाराला द्यायचं. अहवाल माझ्याकडे आला. पहिल्यांदाच एवढं मोठं काम, आणि त्याच महिन्यात माझं बढतीचं पत्र साहेबांच्या टेबलावर होतं.

फिनिशिंगला मी चार दिवस बसले. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की ही माणसं दोन कामं करताहेत. गिअर कापणारी मशीन जुनी होती, दुसरीकडून वापरून आलेली. तिच्यातून नग निघायचे ते दबलेले, ओरखडलेले. साहेबरावांची माणसं आधी ते सरळ करायची आणि मग आपलं काम सुरू करायची. दक्षिणेतल्या कारखान्यात ही भानगडच नव्हती. मी त्या वेळेचा वेगळा रकाना आखला. प्रत्येक नगामागे किती सेकंद दुसऱ्याची चूक निस्तरण्यात जातात, ते लिहीत गेले. नीट लिहीत गेले.

चौथ्या दिवशी साहेबराव जवळ आले. एवढंच विचारलं, "मॅडम, हे बी धरलं ना? हे आमचं काम नाय, पर करावं लागतंय."

मी म्हटलं, "धरलं."

तेव्हा ते खरं होतं. खरंच होतं. पुढचे दोन दिवस ते खरं राहिलं.

ती जुनी मशीन माझ्याच साहेबांनी आग्रह धरून आणवली होती, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. कच्चा अहवाल चाळताना त्यांचं बोट त्या रकान्यावर थांबलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. साधंच विचारलं हो. रागावले नाहीत, धमकावलं नाही, काढ म्हणाले नाहीत. आणि मी म्हणाले, "काही नाही सर, कच्ची टिपणं आहेत." जागेवर येऊन तो रकाना मी स्वतः पुसला. एक कळ दाबली, झालं. कुणीही मला सांगितलं नव्हतं. साहेबांवर ढकलता आलं असतं तर मी हे कधीच सांगून टाकलं असतं, नाही का?

रकाना गेल्यावर फिनिशिंगचा आकडा सगळ्यात खाली आला. लाल रंगात.

मीटिंगला विभागांचे प्रमुख बोलावले होते. साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी पडद्याकडे बोट करून विचारलं, "साहेबराव, तुमचा विभाग एवढा मागे कसा? आकडा चुकलाय का?"

साहेबरावांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पाण्याची बाटली उघडत होते. बाटलीचं झाकण निघत नाही असं दाखवत होते.

"मॅडमनं समदं धरून, घड्याळ लावून मोजलंय," ते म्हणाले. "म्हंजी बरोबरच असंल. आमीच कमी पडलो, साहेब."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी झाकणच पिळत राहिले. बोलले नाही.

दोन महिन्यांत विभाग बंद झाला. कंत्राटावरची माणसं घरी गेली, उरलेली इकडंतिकडं वाटली. साहेबरावांना पॅकिंगला पुठ्ठ्याची खोकी दुमडायला बसवलं. त्यांच्याच विभागातले शकीलभाई त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका डब्यात जेवायचे, ते आता कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसू लागले. "तुम बोले क्यूं नहीं, साहेबराव? तुम्हारी जबान को क्या हुआ था?" हे ते सगळ्यांसमोर म्हणाले. साहेबराव खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. दोन टेबलं पलीकडे मी होते. मला तोवर बढती मिळाली होती.

वर्षभरात ते मुदतीआधीच नोकरी सोडून पिशोरला गेले.

पुढं एकदा कन्नडला लग्नाला जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते. गाडीत वाक्य जुळवत होते. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली, पुसली, मला बसवलं. त्यांची मुलगी सुनीता चहा घेऊन आली. आयटीआयला फिटर झालेली, वर्गात पहिली. वाळूजच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, गेली नाही का?

"नाय धाडली," साहेबराव म्हणाले. "आमच्या हाताला वेग नाय, मॅडम. एवढी वर्षं मला वाटायचं, आपण लई भारी. तुमी मोजल्यावर कळलं. पोरीला कशाला तिथं हिणवून घ्यायला धाडू?"

सुनीता ट्रे धरून तिथंच उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मग ते म्हणाले, "माझ्यामुळं तुमाला बी तरास झाला असंल. मीटिंगमधी तुमी लई अवघडल्या होत्या. माफ करा."

त्यांनी माझी माफी मागितली. माझी.

मी तोंड उघडलं. आणि विचारलं, "यंदा अद्रक कशी आहे?" त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी वाफे दाखवले, निघताना पिशवीभर ओली अद्रक गाडीत ठेवली. घरी येऊन मी ती शेजारणींना वाटून टाकली.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. सुनीताचा फोन आला. दहाव्याला मी गेले, बायकांत बसले. ती आता गंगापूरला दिलेली आहे, शिवणकाम करते. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही आलात, बरं वाटलं. बाबांना तुमचा लई आदर होता." मी तिचा हात हातात घेतला आणि तिथंही बोलले नाही. बाप गेला होता, पण ती तर समोर होती ना? तिला सांगता आलं असतं.

एक गोष्ट मी इथंही मागे ठेवत आले. रकाना पुसायच्या आधी, साहेबांकडे जाण्यापूर्वी, मी एकदा पूर्ण आकडेमोड करून बघितली होती. ती निस्तरण्याची वेळ वजा केली, तर साहेबरावांचा विभाग मागे नव्हताच. दक्षिणेतल्या कारखान्याच्या पुढे होता. दोन्हीकडच्या सगळ्या विभागांत ती माणसं सगळ्यात वेगवान होती. हे उत्तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

साहेबराव हळू नव्हते. ते स्वतःला हळू समजत गेले, आणि हे फक्त मला माहीत होतं.