पांझरेकाठची युद्धनौका आणि मायची चूल

मी एका युद्धनौकेचा सचिव आहे.

आमच्या धुळ्याला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. धुळ्याला पांझरा आहे, आणि पावसाळा सोडला तर पांझरेत पाण्यापेक्षा म्हशी जास्त असतात. मी देवपुरातल्या कॉलेजला नदीतूनच पायी जातो, आणि ज्या दिवशी चप्पल ओली होते त्या दिवशी ती घरी सांगण्यासारखी बातमी असते. तेव्हा ‘धुळ्यात युद्धनौका कशी येणार?’ हे कृपा करून मला विचारू नका. हा प्रश्न मला सगळ्या गल्लीने विचारून झाला आहे, तोही गचांडी धरून!

हे सगळं नानांमुळे झालं. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नौदलातून निवृत्त होऊन आले तेव्हापासून ‘मी तोफेवर होतो’ असं सांगायचे, आणि आवाज ऐकून ते कोणालाही पटायचं. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. त्यामुळे घरात पुरुष माणूस म्हणजे नाना. आणि मी, पण मला कोणी धरत नसे.

घर चालायचं ते मायच्या चुलीवर. नदीकाठच्या आमच्या गल्लीत, दारापुढच्या मोकळ्या जागेत, माय लग्नसराईला मांडे करून देते. (खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: मांडा म्हणजे पुरणाची पोळी, पण लाटायची नाही. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. मी एकदा करून पाहिलं. अजून भाजल्याची खूण आहे.) आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि चढलो तो त्या चुलीच्या जोरावर. ती विझली असती तर मी वडिलांच्या ट्रकवर क्लीनर झालो असतो. कदाचित चांगला झालो असतो. ते जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. माय नानांशी बोलत नसे. भांडण नव्हे, रीत! जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंड वर करून बोलायचं नाही, पदर पुढे ओढायचा, आणि जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मधला माणूस म्हणजे मी.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. नाना मुंबईला जाऊन आले ते तापूनच.

“माझं जहाज मोडीत काढताहेत! ज्या जहाजाने देश राखला, त्याचे खिळे-पत्रे करणार! अरे, विलायतेत अशी जहाजं शहराच्या मधोमध, नदीकाठी आणून उभी करतात. लोक आत जाऊन बघतात. पोरं शिकतात. आपल्याला नदी नाही का?”

माय भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “इचार रे तुन्हा नानाले, नदी शे, पन पानी कोठे शे?”

“सांग तुझ्या मायला, जहाज ठेवायचं आहे, चालवायचं नाही!”

“इचार, आनतीन कसं? बैलगाडावर?”

“सांग तिला, सुरतेहून तापीत घालायचं. पांझरेचा संगम आला की उजवीकडे वळायचं. सरळ धुळे!”

“मध्ये धरण आहे ना, नाना...” मी हळूच म्हणालो.

“धरणाचं सरकार बघेल! तू सचिव आहेस. तू अर्ज लिही.”

मी सचिव केव्हा झालो, हे मला समजलं नाही. मला राग आला. माझा राग कसा असतो तेही सांगतो: मी खाली बघतो आणि सांगितलेलं काम जास्तच मन लावून करतो. त्यामुळे अर्ज फार चांगला झाला. त्यात ‘राष्ट्राभिमान’ हा शब्द इतक्या वेळा आला की तो वाचून ‘नाही’ लिहायला एकाही कचेरीत कोणाचा हात धजेना. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी निरोप आला, साहेब जागा बघायला येताहेत.

“साहेबांना कागदावर काही कळत नसतं,” नाना म्हणाले. “जमिनीवर आखून दाखवायचं. पुऱ्या मापात!”

मी कॉलेजच्या मैदानावरून फक्कीची पोती आणली. तीच पांढरी भुकटी, जिने कबड्डीचं मैदान आखतात. दुपारची वेळ होती. माय बाजारात हरभऱ्याची डाळ घ्यायला गेलेली. नाना पुढे चालत माप सांगत होते, मी मागे वाकून फक्की टाकत होतो.

काठ संपला तरी जहाज संपेना.

“नाना, आता गल्ली लागली.”

“मग गल्लीतून ने.”

“नदीकडे वळवू का थोडं?”

“जहाजाचं नाक शहराकडेच पाहिजे! धुळ्याला पाठ दाखवायची का?”

नाही म्हणायला हवं होतं. पण मनात आलं, सरकारी कामात मापाची फसवणूक नको. (प्रामाणिकपणा ही गरिबाची श्रीमंती असते, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तिच्यामुळे किती नुकसान होतं, हे मात्र शिकवलं नव्हतं!) मी रेघ गल्लीतून नेली. लोकांच्या ओट्यांवरून नेली. आमच्या दारापुढे आणली, आणि जहाजाचं टोकदार नाक बरोबर मायच्या चुलीला वळसा घालून मिटवलं. वर साहेबांना नीट समजावं म्हणून गेरूने भिंतींवर लिहिलं: ‘तोफ – १’, ‘तोफ – २’. हमीदभाई गादीवाल्यांच्या दुकानावर ‘इंजिन’. काम संपल्यावर मी लांबून पाहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

आता, शहरातल्या कोणत्याही नदीकाठच्या गल्लीला विचारा. जमिनीवर पांढरी रेघ आणि भिंतीवर लाल आकडा, याचा अर्थ काय? युद्धनौका?

पहिले आले हमीदभाई. कापूस पिंजता पिंजता उठून आले होते. दाढी, भुवया सगळं पांढरं.

“ए कॉलेजवाले! मेरी दीवार पे किसने लिखा? कब तोडनेवाले हैं?”

“तोडणार नाहीत, हमीदभाई. ते इंजिन आहे.”

“काहे का इंजिन? मैं गादी भरता, इंजिन नहीं!”

“जहाजाचं. युद्धनौकेचं. तुमच्या दुकानात येतं ते.”

हमीदभाईंनी दाढीतला कापूस झटकला. मग मागे वळून ओरडले, “सुनो! लडाई भी होनेवाली है!”

तासाभरात सगळी गल्ली आमच्या दारात. कोणी म्हणे घरं पाडणार, कोणी म्हणे तोफा लावणार, एक म्हातारे आबा म्हणाले, दोन्ही होणार, आधी तोफा लावतील आणि त्यांनीच पाडतील! मी ‘संग्रहालय, संग्रहालय’ म्हणत होतो. नाना ओट्यावर हात मागे बांधून उभे होते आणि ‘शिस्त! शिस्त!’ ओरडत होते.

त्या गर्दीतून डाळीची पिशवी घेऊन माय आली. तिने रेघ पाहिली. रेघेमागून चालत चालत चुलीपर्यंत आली.

“हाई पांढरं काय शे रे?”

“जहाजाचं नाक आहे, माय.”

“मन्हा चुल्हावर?”

मी मान हलवली.

“तुले शिकाले धाडं, का घर मोडाले?”



दुसऱ्या दिवशी सोनगीरचे दगाभाऊ आले. त्यांच्या मुलाच्या लग्नाचे मांडे मायकडे सांगितले होते. हंगामातलं सगळ्यात मोठं काम. दगाभाऊ रेघेच्या बाहेरच उभे राहिले, जणू आत आले तर त्यांनाही पाडतील.

“अक्का, मन्हा आंडोरनं लगीन शे. तुन्ही चूल मोडनार शेतस म्हने लोक. ऐन टाइमले मी काय करू? मी दुसराकडे सांगी देस.”

“भाऊ, चूल आठेच शे, आठेच ऱ्हाई!” माय चुलीखालची जमीन दाखवत म्हणाली. पण दगाभाऊंनी भिंतीवरचं ‘तोफ – १’ वाचलं आणि ते गेले. लग्नसराईत बातमी एसटीच्या आधी पोहोचते. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी निरोप पाठवले. ऐन हंगामात खापर थंड पडलं.

त्या संध्याकाळी घरात लढाई झाली, आणि ती माझ्यामधून झाली.

“सांग त्यासले, मी दारूगोळा बनाडत नही, मांडा बनाडस!”

“सांग तिला, लोक देशासाठी जीव देतात, हिला चूल देववत नाही!”

“सांग त्यासले, जीव तुम्हना द्या, चूल मन्ही ऱ्हाऊ द्या!”

दोघं हाताच्या अंतरावर उभी. दोघांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य मी पुन्हा म्हटल्याशिवाय पुढचं येईना! एकदा घाईत मी मायचं वाक्य मायलाच सांगितलं आणि चापट खाल्ली. मग नानांचं वाक्य नानांना सांगितलं. तिकडूनही खाल्ली. मी खाली बघितलं आणि ठरवलं, साहेब आले की स्पष्ट सांगायचं: साहेब, नको हे जहाज.

साहेब आले ते उन्हाने आधीच चिडलेले. सोबत एक कारकून, त्याच्या हातात छत्री, तीही साहेबांवर. पाहतात तो जहाजाच्या रेघेत सगळी गल्ली मांडी घालून बसलेली! बायका, पोरं, म्हातारे. ‘इंजिना’त हमीदभाई, शेजारी त्यांची पिंजण. चुलीशी माय. तिने चूल पेटवली होती. गिऱ्हाईक नव्हतं, तरी खापर तापलं होतं आणि ती मांडा हातावर घेऊन उभी होती.

“हे काय आहे? कोणी आखलं हे?”

सगळ्या गल्लीची बोटं एकदम माझ्याकडे वळली. इतकी एकी आमच्या गल्लीत मी गणपतीलाही पाहिली नव्हती.

“साहेब,” मी म्हणालो, “नको...” साहेबांनी डोळे वटारले. “नको तिथे उभे राहू नका, ऊन आहे.”

एवढंच निघालं तोंडातून! माझा मलाच इतका राग आला की मी पुन्हा खाली बघू लागलो.

साहेब रेघेवरून चालू लागले. चुलीपाशी येऊन थांबले. पुढे बघितलं, मागे बघितलं, आणि जे इतक्या वर्षांत एकाही सरकारी माणसाच्या लक्षात आलं नव्हतं ते माझ्या सरळ, सुरेख रेघेमुळे त्यांच्या लक्षात आलं.

“ही चूल घराच्या हद्दीबाहेर आहे. ही तर नदीकाठची सरकारी जागा! कोणाची चूल? काढा ही. उद्याच्या उद्या.”

 जी गोष्ट काल नुसती अफवा होती, ती मी आज खरी करून दाखवली होती.

मायने मांडा खापरावर टाकला. पदर मागे सारून कमरेला खोचला. आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती सरळ नानांकडे वळली.

“नाना! तुम्हना जहाजवर लोके जेवतस नही का?”

नाना दचकले. पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या, हात बाजूला गेले.

“जेवतात,” ते म्हणाले. “मीच रांधत होतो.”

“तोफेवर होता ना तुम्ही?” मागून कोणीतरी म्हणालं.

“भटारखान्यात होतो!” नाना गरजले. “सगळी नोकरी भटारखान्यात! काय म्हणणं आहे? तोफेवरचे उपाशी लढतात का?” मग साहेबांकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “साहेब, ही चूल म्हणजे जहाजाचा भटारखाना आहे. आराखड्यातच आहे. ही काढली तर जहाज उभं करता येणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या. राष्ट्राच्या जहाजाला तुम्ही नाही म्हणालात, असं.”

“बरोबर है साहब,” हमीदभाई बसल्या जागेवरून ओरडले. “और ये इंजिन है! हात नको लावू!”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने छत्रीकडे पाहिलं. ‘नाही’ लिहायला त्यांचाही हात धजेना.

“लिहा,” साहेब दातओठ खात म्हणाले. “प्रस्ताव विचाराधीन. निर्णय होईपर्यंत आखलेल्या रेषेतली जागा जैसे थे ठेवावी. कोणीही काहीही पाडू नये.” आणि पाय आपटत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दगाभाऊ परत आले, तेही रागातच. “अक्का, सरकारनी रेघमा चूल शे, तर पहिलेच सांगानं ना!”

तेव्हापासून प्रस्ताव विचाराधीन आहे. नानांचं जहाज केव्हाच फुटून भंगारात गेलं. ते कळलं त्या दिवशी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलीशी येऊन बसले आणि पुरण वाटू लागले. हल्ली माय त्यांच्याशी सरळ बोलते. (“नाना, जाडं वाटं तुम्ही! जहाजवर असंच खावाडेत का?”) कचेरीत मात्र आम्ही काही कळवलेलं नाही. चूल टिकवायची तर जहाज यायची वाट बघत राहिलं पाहिजे, आणि वाट बघायची तर रेघ दिसली पाहिजे.

ती रेघ पावसात पुसते. गुरं तुडवतात. मग माय मला अभ्यासावरून उठवते, “ऊठ रे, जहाज पुसाई गयं!” गेल्या वर्षी परीक्षेच्या घाईत मी जहाज थोडं अरुंद आखलं, तर हमीदभाई पिंजणीचा दांडा घेऊनच आले. “मेरी दुकान जहाज के बाहर कैसी? दुश्मनी निकालता क्या?” शेजारच्या गल्लीचंही आता म्हणणं आहे की आम्हाला पण आत घ्या. न घ्यावं तर शिव्या. त्यामुळे जहाज दर वर्षी लांबत चाललं आहे. एवढं लांब जहाज जगात कोणाकडे नसेल.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा सकाळी काठावर वाकून फक्की टाकत होतो. चोपड्याकडचा एक केळीवाला, टोपली उतरवून, बराच वेळ बघत उभा राहिला.

“कबड्डी शे का, भाऊ?”

“नाही. युद्धनौका.”

त्याने कोरड्या नदीकडे पाहिलं. वाळूत बसलेल्या म्हशीकडे पाहिलं. मग फक्कीने पांढऱ्या झालेल्या माझ्या हातांकडे, आणि खिशातल्या पेनाकडे.

“शिकेल-सवरेल दिसतस,” तो म्हणाला, आणि टोपली उचलून चालू लागला.