दस्तगीरची वळणं

दस्तगीर गेला, हे मला त्याचा चाळिसावा दिवस उलटल्यावर कळलं. निपाणीहून त्याची थोरली बहीण हलिमाआक्का बेळगावला माझ्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "मारुती, आपला दस्तू गेला रं." तिला आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही. राग आला, तोही त्याचाच. मारुतीला कळवू नका, उगाच धावत येईल, असं म्हणाला असणार. वेडा कुठला!

सत्तरच्या दशकात आम्ही बेळगावात चित्रकलेच्या वर्गाला बरोबर होतो. मी येळ्ळूरचा, बैल आणि मडकी काढणारा. त्याचे वडील मशिदींच्या भिंतींवर कुराणातल्या आयती लिहायचे; बोरू धरायला तो त्यांच्याकडूनच शिकला. पण दस्तगीर अक्षराचं नुसतं वळण घ्यायचा, काळ्या शाईत ते कागदभर वाढवत न्यायचा आणि शब्द व्हायच्या आत थांबायचा. "शब्द झाला की लोक वाचत्यात, बघत न्हाईत," म्हणायचा. त्याच्या एकुलत्या एक प्रदर्शनात मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी विचारलं, "हे लिवलंयस तरी काय?" चित्रकार मंडळींनीही तेच विचारलं, जरा शुद्ध भाषेत. "काय बी न्हाय. नुसतं बघा," असं तो दिवसभर सांगत राहिला. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाला, "तू तरी बघितलंस न्हवं?" बघितलं होतं. एक चित्र हट्टानं मागूनही घेतलं होतं. पुढं तो निपाणीत भाड्याच्या खोलीत एकटाच राहिला आणि कुणाला न दाखवता चित्रं काढत गेला.

आक्का जरा शांत झाल्यावर मी त्या चित्रांचं विचारलं.

"वेदगंगेत सोडली. खोली रिकामी करायची होती. अल्लाचं पाक नाव लिवलेला कागद आमी पायदळी येऊ देत न्हाई, वाहत्या पाण्यात सोडतो. मला वाचता आलं न्हाय, पर अक्षराचं वळण अब्बांचंच. नाव असणारच की. एकेक कागद डोळ्यांना लावून सोडला."

"सगळी?"

"सगळी. तुझ्याकडं बी एक हाय न्हवं? तेच न्यायला आले."

तिला आतल्या खोलीत नेलं. डोक्यावर पदर घेऊन ती चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत होती. "खरं सांग, मारुती. तुला तो समदं सांगायचा. ह्यात नाव हाय न्हवं?"

नाही म्हटलं असतं, तर चित्र वाचलं असतं. पण मग भावाचं आयुष्यभराचं काम आपण उगाच बुडवलं, हे घेऊन ही बाई कुठं गेली असती?

"व्हय, आक्का. हाय."

चित्र उतरवलं, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. बस सुटेपर्यंत स्टँडवर थांबलो. ती ते मांडीवर घेऊन बसली होती.

घरात माणसं आहेत, तरी फार एकटं वाटतं. सकाळचा चहा मी अजून आतल्या खोलीतल्या त्या रिकाम्या भिंतीसमोरच घेतो. बायको म्हणते, "एखादं कॅलेंडर तरी लावा तिथं."

राहू दे, म्हणतो.