वाल सोलायला बसवणारे काका

माझा संसार इथं मार्गी लागला तो आमच्या खोलीमालक काकांमुळे, हे आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मागाहून. आणि हेही सांगतो, की अलिबागजवळच्या आमच्या किहीमात वसंत ऋतू येतो तो काकांच्या परवानगीनं. कॅलेंडरात काहीही छापलेलं असो, काकांनी सकाळी पायरीवर उभं राहून नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं "आला गं!" अशी आरोळी ठोकली, की आमच्या आळीत ऋतू बदलला. आतून काकू विचारतात, "कोण आला? दूधवाला?" दरवर्षी हेच विचारतात. कोण आला ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. "लोकांना ताप येतो, ह्यांना वसंत येतो," असं त्या मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या. "औषध नाही. पाऊस पडला की आपोआप बरे होतात."

काकांचं घर चांगलं पक्कं, चार खोल्यांचं, डोक्यावर पंखे, मागं नारळ-सुपारीची वाडी. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस पंख्याखाली पेपर वाचत बसेल की नाही? पण होळी झाली की काका घर बाहेर काढतात. आधी खुर्ची अंगणात येते, मग तिपाई, मग रेडिओ, मग पानाचा डबा, मग भिंतीवरचं घड्याळ फणसाला मारलेल्या खिळ्यावर. एका वर्षी त्यांनी गॅसची शेगडी उचलायला हात घातला, तेव्हा काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "देव आणि गॅस आत राहतील. बाकी काय न्यायचं ते न्या. मलाही न्या हवं तर, पण उचलून न्यावं लागेल." तेव्हापासून तेवढी हद्द ठरलेली आहे. दिवसभर सावली सरकते तशी काकांची खुर्ची सरकते. सकाळी फणसाखाली, दुपारी विहिरीपलीकडं बकुळीखाली, ऊन कललं की ओटीजवळ. आळीतल्या बायकांना घड्याळ लागत नाही. "काका बकुळीखाली गेले, आता कुकर लावायला हवा," असं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि प्रत्येक गोष्टीची रीत. वर्षातली पहिली कैरी उभ्यानं खायची, मीठ-तिखट लावून, आणि संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकदा मुंबईचे एक बंगलेवाले समुद्राचा रस्ता विचारायला फाटकात थांबले आणि नेमके कैरीच्या मुहूर्तावर सापडले. काकांनी एक अक्षर न बोलता त्यांच्या हातावर फोड ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं. ते बिचारे गाडीची चावी काखेत धरून, एका हातात कैरी आणि दुसऱ्या हातात पोराचं बोट, असे गप्प उभे. कैरी संपल्यावर काका म्हणाले, "आता बोला. समुद्र ना? तो कुठं पळून जात नाही. पन्हं घेऊन जा." ते संध्याकाळी गेले. समुद्र पाहिला की नाही देव जाणे. नवा माठ घ्यायला गेले की काका एकेक माठ मांडीवर घेऊन टिचक्या मारून ऐकतात, डोळे मिटतात, मान हलवतात. एका माठवालीनं शेवटी हात जोडले होते. "काका, माठ घ्यायचाय का गाणं बसवायचंय? मना दुसरी गिऱ्हाईकं हायत." पांढऱ्या कांद्याच्या माळा आल्या की त्या ओटीवर टांगून काका खाली पाठीवर आडवे होतात आणि वर बघत राहतात. आम्ही विचारलं, काका, काय बघता? तर म्हणाले, "बघत नाही रे. श्रीमंती उपभोगतोय."

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि नळ-पाइपाच्या कामाला लागलो. एका ठेकेदाराबरोबर इकडच्या बंगल्यांच्या कामावर आलो आणि राहिलो. स्वभाव माझा पहिल्यापासून धास्तीचा. नळ बसवून निघालो की अर्ध्या वाटेतून परत जाऊन तो गळत नाही ना बघून येतो. काकांच्या वाडीतली मागची खोली भाड्यानं घेतली तेव्हा लग्न ठरलेलं होतं. लग्न झालं, पण मंगल, म्हणजे माझी बायको, गावीच राहिली. समुद्राकाठच्या दमट हवेत माणसं आजारी पडतात असं तिच्या आईला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. वर्षभर फोनवर संसार झाला. शेवटी चैत्रात ती यायला तयार झाली, पण अट घालून. "आठ दिवस बघते. करमलं तर राहते. नाहीतर मी परत जाते अन् तुम्हीबी या." परत जाऊन करायचं काय? गावात नळ कमी अन् नळवाले जास्त. म्हणजे माझं सगळं त्या आठ दिवसांवर आलं. मला जेवण जाईना.

काकांना कळलं. त्यांना सगळंच कळतं, कारण ते अंगणातच असतात. "हिंगोलीकर," ते मला म्हणाले (मला ते गावाच्या नावानंच हाक मारतात), "पहिल्या दिवशी समुद्र दाखवायचा नाही. समुद्र काय, कुणीही दाखवतं. घर दाखवायचं." आणि जणू त्यांचीच सून यायची होती असे ते कामाला लागले. खोलीपुढची जमीन सारवून घेतली. टिचक्या मारून निवडलेला एक माठ माझ्या दारात आणून ठेवला. मोगऱ्याची कुंडी आली, कांद्याची माळ आली. "कोकिळेलाही सांगून ठेवलंय," म्हणाले. मी म्हणलो, काका, तिला जमायचं नाही हो इथं. "न जमायला काय झालं? उद्या बिरडं करतोय."

बिरडं म्हणजे कडव्या वालांची उसळ. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि मग कोमट पाण्यात घेऊन एकेक दाणा सोलायचा. चिमटीत दाबला की सालातून पांढरा दाणा टुणकन बाहेर येतो. एका जेवणाचं बिरडं सोलायला घरातली सगळी माणसं लागतात, म्हणून परातीभोवती गोल करून बसायचं आणि गप्पा मारत सोलायचं. मला हे तोवर अंगवळणी पडलं होतं. मंगलला कुठून माहीत?

ती सकाळी पोचली. अंघोळ झाली, चहा झाला, आणि काकांची हाक आली, "सूनबाई, या अंगणात!" ती डोक्यावर पदर घेऊन गेली, तर काकांनी तिच्यापुढं भली मोठी परात सरकवली. "बसा. सोला." एवढंच. पुढं काका आपल्या नादात कोकिळेबद्दल बोलत राहिले, काकू आत वाटण वाटत होत्या, आणि मंगल खाली मान घालून सोलत राहिली. मी समोर बसून खूश. वाटलं, रमली.

जेवून खोलीत आलो आणि तिनं पिशवीची चेन लावली. म्हणलो, काय करायलीस? तर म्हणाली, "पावण्या बाईला आल्या दिवशी कामाला लावतेत का कुठं? रातभर गाडीत बसून आले मी. भाडं कमी करून घेतलंत का माझ्या कामावर?"

"अगं, तसं नाही. ती इथली रीत हाय."

"रीत हाय तर मोलकरणीला सांगा. मी आठ दिवस राहत नसते. उद्याच्या गाडीचं बघा."

  मी तसाच काकूंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि बाहेर आल्या. "ऐकलंत का? तुमच्या परातीपायी पोरगी निघाली परत!" काका बकुळीखाली होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझंच दुःख मी विसरलो. "अरे, पाहुण्यांना आम्ही पाटावर बसवतो," ते हळूच म्हणाले. "परातीशी घरच्यांना बसवतो. तिला पाटावर बसवलं असतं तर मग ती पाहुणीच नसती का झाली?" हे मला सांगून काय उपयोग? पण तुम्हीच जाऊन तिला सांगा, असं म्हणायचा धीर मला झाला नाही. त्या दुपारी काका झोपले नाहीत. फाल्गुन-चैत्रात काकांची दुपारची झोप चुकणं म्हणजे काय, हे आळीत कुणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल पिशवी भरून बसलेली. मी गाडीची चौकशी करायच्या नावाखाली चप्पल शोधत होतो. ती पायातच होती. एवढ्यात दारात खाकरण्याचा आवाज आला. काका उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, मागं काकू. काका आत आले नाहीत. आमच्या उंबऱ्याबाहेर, सारवलेल्या जमिनीवर त्यांनी फतकल मारली आणि म्हणाले, "सूनबाई, काल तुम्ही आमच्या घरचं काम केलंत. आज आम्ही दोघं तुमच्या घरी आलोय. काम द्या."

मंगल माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीकडं.

"काम नसेल तर आम्ही बसून राहू," काका म्हणाले. "पण चहा घेणार नाही. चहा पाहुण्यांना देतात."

मंगल उठली. मग काय वाटलं तिला कुणास ठाऊक, तिनं बांधलेल्या पिशवीतून आईनं दिलेली ज्वारी काढली, शेजारून सूप मागून आणलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "निवडा."

जन्म तांदळाच्या भाकरीवर गेलेला तो माणूस ज्वारी निवडायला बसला. इतक्या मन लावून की जीभ बाहेर आली होती. थोड्या वेळानं मंगल वाकून बघते तर काय! "अहो काका, खडे ठेवायलात अन् ज्वारी फेकायलात!"

"चष्मा घरी राहिला," काका म्हणाले.

"नाकावर आहे तुमच्या," काकू म्हणाल्या.

मंगल हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली, मग तिथंच काकूंच्या शेजारी बसून फेकलेली ज्वारी वेचायला लागली. त्या दिवशी तिनं भाकरी थापल्या आणि काकांनी बुक्कीनं कांदा फोडायचा हट्ट धरला. पहिल्या बुक्कीला कांदा उडून विहिरीत गेला. गाडीची गोष्ट कुणी काढली नाही. आठ दिवस झाले तेव्हा तिच्या आईचा फोन आला, कधी निघतेस म्हणून. मी पलीकडं पाइपाला आटे पाडत होतो. हातातलं काम थांबलं. मंगल म्हणाली, "आत्ता कशी येऊ, आई? वाल भिजत घातलेत." मी पाइप खाली ठेवला आणि विनाकारण नळ उघडून तोंड धुतलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची मुलगी काकांच्या अंगणात चालायला शिकली. काका थोडे थकलेत. यंदा खुर्ची हलवायला मला हाक मारतात, आणि हाक मारल्याबद्दल स्वतःवरच रागावतात. परवा संध्याकाळी मंगल अंगणात पाणी मारत होती, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडं चैत्रात ह्या वेळेला काय करतात गं? तिनं सांगितलं. दिवसभराची तापलेली जमीन शिंपतात, कडुलिंबाखाली दोरीच्या बाजा टाकतात, अन् सगळी गल्ली पडल्यापडल्या बोलत राहते, एकेक आवाज झोपेपर्यंत. काका ऐकत राहिले. ह्या दिवसांत सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही अलिबागेपलीकडं न गेलेला हा माणूस म्हणाला, "हिंगोलीला जायला किती वेळ लागतो रे?" काकूंनी चमकून त्यांच्याकडं बघितलं. मी म्हणलो, लांब आहे काका. "लांब असू दे. विचारून ठेवलं."

तेव्हापासून माझ्या जिवाला नवा घोर लागलाय. गावाकडं आमच्या घराला अजून धड छप्पर नाही. यंदा पत्रे टाकीन, पुढच्या साली न्हाणीघर बांधीन, त्यात नळ मीच बसवीन. मग काका, तुम्हाला आणि काकूंना मी न्यायला येणार. खिडकीची जागा, उशाला पाण्याची बाटली, सगळं बघून नेणार. आमच्या लिंबाखाली तुमची बाज टाकणार. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते फेडायची माझ्याजवळ एवढीच एक जागा आहे. ते मी करणार आहे, काका. तेवढा दम धरा.