त्रिशलाची वर चढणारी रेघ

निपाणीत आमच्या गल्लीत त्रिशला आली की बाया कुजबुजायच्या, मीठवाली आली. बेळगावात सहा वर्षं मिठावर पीएच.डी. करणारी दुसरी कोण आहे? मनुबाई तर तोंडावर विचारायची, "आक्का, मीठ कमी का जास्त, आम्हास्नी एका घासात कळतंय. तुला सा वर्सं लागत्यात व्हय?"

त्रिशला हसायची. तिचं मीठ लिथियमचं. बॅटरीसाठी लागणाऱ्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, पातळ फिल्ममध्ये ती ते मिसळायची. मीठ वाढवलं की वीज वाहून नेणारे भारित कण, म्हणजे आयन, वाढतात. पण एका हद्दीपुढं ते एकमेकांना चिकटून बसतात, पॉलिमरच्या साखळ्या ताठरतात आणि विजेचं वहन घटतं. सगळ्या संशोधकांच्या आलेखातली रेघ वर जाऊन खाली येते. त्रिशलाची मात्र चढतच गेली. तिचा प्रबंध त्याच रेघेवर उभा होता, आणि तिची आई चंपाबाई गल्लीभर आत्ताच 'आमची डॉक्टरीण' म्हणत फिरत होती.

एप्रिलमध्ये शेवटची खात्री म्हणून तिनं पुन्हा मोजलं. रेघ खाली आली. तीनदा मोजलं, तीनदा खालीच.

मग वहीतल्या तारखा आणि वेळा तिच्या डोळ्यांत भरल्या. जुनी मोजणी सगळी चातुर्मासातली. कमी मिठाच्या फिल्म सकाळी, जास्त मिठाच्या संध्याकाळी. चातुर्मासात सूर्य मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम, आणि प्रयोगशाळेत खायला बंदी. म्हणून ती कोरड्या पेटीतून काढलेली फिल्म टेबलावर उघडीच ठेवून डबा घेऊन व्हरांड्यात जायची. अर्ध्या तासात ते मीठ श्रावणातली दमट हवा पोटभर पिऊन बसायचं. आयन पळत होते ते त्या पाण्यामुळं.

तिचे गाइड नागेंद्र सर म्हणाले, "जुनेच आकडे राहू देत. परीक्षक काय फिल्म मोजायला येणार आहेत?"

"पण मला म्हाईत हाय न्हवं, सर."

"मग नवं काय उरलं तुझ्याकडं? जूनमध्ये प्रबंध द्यायची मुदत संपते. मी सही कशावर करू?"

तिनं ते प्रकरण प्रबंधातून काढलं. सरांनी सही केली नाही. जून गेला.

ती निपाणीला आली तेव्हा चंपाबाईनं विचारलं, "मग सा वर्सं काय केलीस गं?"

"समद्यास्नी आधीच ठाऊक हुतं, ते मोजलं."

आठवडा झाला. तिची बॅग अजून दाराशी आहे, बांधलेली तशीच.